शेळीच्या गळ्यातला हिरवा कंदील

आमच्याकडे पाहुणे जमले, जेवणं उरकली, सुपारी कातरून झाली, की कोणीतरी हळूच म्हणतं, "आता ते सशाचं होऊन जाऊ दे." मी आधी नको नको म्हणते. पण एकदाच. दुसऱ्यांदा म्हटलं तर लोक खरंच ऐकतात, असा अनुभव आहे. मग मी पदर खोचून उभी राहते आणि नवऱ्याला खुर्चीत बसवते. तो मासा. माझा उजवा हात म्हणजे ससा, डावा हात म्हणजे शेळी, आणि शेळीच्या गळ्यात कंदील. माशाच्या डोक्यात एकजण लपलेला आहे. ससा त्याला धरतो, शेळी सशाला धरते, आणि कंदील पेटला की समजायचं, सापडला! इथे टाळ्या पडतात. टाळ्या वाजवणाऱ्यांना काही कळलेलं नसतं. मलाही पुरतं कळलेलं नाही, पण इतकी वर्षं मी हा प्रयोग अतिशय आत्मविश्वासाने करत आले आहे.

आज मात्र त्यात न येणारा भाग लिहिते. त्यात माझीच फजिती आहे, म्हणून तो पाहुण्यांना सांगत नाही.

दोन हजार सालानंतरची दोन-तीन वर्षं धरा. मी तेव्हा रत्नागिरीत खाडीकाठच्या एका लहानशा संशोधन केंद्रात प्रयोगशाळा सहायक होते. केंद्र म्हणजे चिऱ्यांची चार खोल्यांची इमारत, मागे माशांच्या टाक्या आणि पुढे एक नारळ, जो वर्षातून एकदा तरी सरांच्या स्कूटरवर झाप टाकत असे. माणसं चार. सर, मूळचे पुण्याचे, मला 'बाई' म्हणत आणि कोणतंही वाक्य 'वास्तविक पाहता' असं सुरू करत. शिपाईकाका दाभोळचे, मासे पकडणाऱ्या घरातले, त्यामुळे माशांबद्दल सरांपेक्षा त्यांना जास्त कळतं असं त्यांचं मत होतं. सरांचंही तसंच मत असावं, पण ते बोलून दाखवत नसत. मी होतेच. आणि चौथी ती, पूर्णगडची मुलगी, पीएचडी करणारी. वडिलांची होडी, घरात पदवीपर्यंत पोचलेली ती पहिली. मला 'ताई' म्हणायची. मी तिला 'गो बाय' म्हणायचे.

तिचा विषय मला तिने पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितला होता आणि मी पहिल्याच आठवड्यात मान डोलावून टाकली होती. त्यानंतर पुन्हा विचारायची लाज वाटू लागली. शेवटी एके दिवशी डबा खाताना मी कबूल केलं, की मला त्यातलं काही म्हणजे काही समजलेलं नाही.

ती हसली नाही. म्हणाली, "ताई, तुमच्या माहेरी आंब्याची कलमं आहेत ना? एखाद्या कलमाला हात लावायचा नसला तर काय करतात?"

"बुंध्यावर चुन्याची फुली मारतात."

"आणि फुली मारली की झाड आपोआप वाचतं?"

"फुलीनं कसं वाचेल? गडी फुली बघतो आणि पुढच्या झाडाकडे जातो."

"बस. हेच. डीएनएवर ठिकठिकाणी अशा फुल्या असतात. बारीकशा, मिथाइलच्या. पण फुली स्वतः काही करत नाही. ती वाचणारा एक गडी असतो, एक प्रथिन. तो फुलीवर जाऊन बसतो आणि म्हणतो, हा भाग उघडायचा नाही. मला बोई माशाच्या मेंदूत तो गडी आहे का ते बघायचंय."

"फुली नाही बघायची?"

"फुली नाही. गडी."

"आणि ससा?"

"त्या गड्याला ओळखणारी अँटीबॉडी सशाच्या रक्तातून काढतात. ती गड्याला जाऊन धरते. पण ती दिसत नाही. म्हणून सशाच्या अँटीबॉडीला धरणारी शेळीची अँटीबॉडी सोडायची. तिला हिरवा चमकणारा रंग जोडलेला असतो."

मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून बसले. झाड, फुली, गडी, ससा, शेळी, कंदील. एवढी माणसं तर आमच्या गावच्या नाटकातही नसत.

आता तिचं काय पणाला लागलं होतं तेही सांगते. दिवाळीनंतर मुंबईहून समिती येणार होती. तीन वेगवेगळ्या माशांवर, तीन वेळा, एकसारखा निकाल दाखवायचा. दाखवला तर तिची नोंदणी पुढे चालू, नाहीतर बंद. घरी एक स्थळ सांगून आलेलं होतं आणि आईने त्यांना दिवाळीपर्यंत थांबवून धरलं होतं. ती यावर रडली-बिडली नाही. एवढंच म्हणाली, "ताई, तीनदा. तेवढं झालं की मी माझं बघते."

सशाची ती अँटीबॉडी गणपतीनंतर मुंबईच्या एका प्रयोगशाळेने रेल्वेने धाडली. काका आणि मी स्टेशनवर गेलो. थर्मोकोलचा केवढा तरी खोका, आतला बर्फ वितळत आलेला. मग आम्ही रिक्षा मिरकरवाड्याकडे वळवली आणि मासळीवाल्यांकडून बर्फ घेऊन भरला. केंद्रावर खोका उघडला तेव्हा बांगड्याच्या वासातून बोटाच्या पेराएवढी कुपी बाहेर आली. तळाशी एक थेंब.

"येवढ्यासाठी दोन माणसा धाडलीत?" काका म्हणाले. "मना वाटला ससो येतोय."

तिने त्या थेंबाचे आणखी बारके थेंब केले, एकेका नळीत एकेक, आणि फ्रीजरमध्ये ठेवले. एका प्रयोगाला एक नळी. पहिला प्रयोग लगेच केला. बोईच्या मेंदूच्या पेशी काचपट्टीवर पसरायच्या, पट्ट्या खाचांच्या छोट्या काचेच्या बरणीत उभ्या करायच्या, गार मिथेनॉलमध्ये बुडवायच्या, की पेशी जागच्या जागी पक्क्या होतात. मग ससा, रात्रभर फ्रीजमध्ये. मग शेळी. मग पडदा ओढून निळ्या उजेडाच्या मायक्रोस्कोपखाली बघायचं. त्यात एक पट्टी नेहमी अशी, की जिच्यावर ससा सोडलेलाच नाही. शेळीला धरायला कोणी नाही, म्हणजे तिथे कंदील लागता कामा नये. तिचं नाव मी 'बिनसशाची' ठेवलं होतं.

त्या दिवशी सशाच्या पट्टीवर मंद हिरवे ठिपके दिसले, पेशींच्या बरोबर मधोमध. बिनसशाची काळी ठिक्कर. ती म्हणाली, "एक झालं." आणि नवरात्रासाठी दोन दिवस पूर्णगडला गेली.

इथे माझा प्रवेश होतो.

खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा असते. सुताराचा रंधा, नावाड्याचं वल्हं, तसं आमचं नळ्या गरगर फिरवणारं सेंट्रिफ्यूज. सर दरवर्षी म्हणत, "वास्तविक पाहता याची काही आवश्यकता नाही," आणि दरवर्षी चप्पल काढून सगळ्यांत पुढे उभे राहत. काकांनी टेबलावर मांडणी केली. मधोमध मायक्रोस्कोप, शेजारी तराजू, चाकू-कात्र्या, झेंडूच्या माळा. मी पूजेचं सगळं आणलं होतं, फक्त हळदीकुंकवाचा करंडा घरी राहिला होता. हळद-कुंकू होतं, पण पुड्यांत. कुंकू मी काकांच्या चहाच्या बशीत काढलं. हळदीला काय? फडताळात समोरच एक गोजिरी काचेची बरणी होती. आतून खाचा, वर झाकण. अगदी पूजेसाठीच केल्यासारखी.

मी हळद त्या बरणीत ओतली. सगळ्या यंत्रांना बोटं लावली. आरती झाली, खोबरं वाटलं. दसरा उलटल्यावर मी ती बरणी साबणाने घासली, उन्हात वाळवली, आणि जागच्या जागी ठेवून दिली. काच लखलखत होती. माझी भांडी नेहमीच लखलखतात. त्याचा मला गर्व होता.

ती परत आली आणि तिने दुसरा प्रयोग लावला.

पडद्याआडून सरांचा आवाज आला तो मी आजही काढून दाखवते. "अहाहा! बाई, इकडे या! काका, या! हे बघा!" आम्ही एकेक करून डोळा लावला. हिरवंगार! ठिपके कसले, दिवाळीच होती ती. काका म्हणाले, "ह्यो बोई म्हणायचो की काजवो?" सर पेढे आणायला स्कूटर काढू लागले.

"सर," ती म्हणाली, "थांबा जरा. बिनसशाची बघायचीय."

तिने पट्टी बदलली. भिंग पुन्हा जुळवलं. मग बाजूला झाली. मी पाहिलं. तीही तितकीच हिरवीगार. तिथे ससा नव्हता, म्हणजे शेळीला धरायला कोणी नव्हतं. तरीही हजारो कंदील पेटलेले.

सरांनी स्कूटरची किल्ली खिशात टाकली.

त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही चौघंही चक्रावून गेलो होतो. माणसाला उत्तर न मिळणं मी समजू शकते. पण इथे उत्तर सगळीकडून मिळत होतं, आणि तेच मेलं अवघड होतं. सरांना वाटलं, शेळी बिघडली. तिने शेळीही वगळून पाहिली. नुसती पेशी, वर काही नाही. तरी हिरवं. म्हणजे ससा नाही, शेळी नाही, आणि कंदील चालू! काकांना वाटलं, दोष माशाचा आहे. त्यांनी दाभोळहून बोई मागवली. तिच्या वडिलांनी पूर्णगडहून सकाळच्या एसटीने डबा धाडला, वर चिठ्ठी: 'ताजी आहे. शिकायची झाली की कालवण करा.' आम्ही शिकलो, कालवण केलं, फार सुंदर झालं, पण पट्टी हिरवीच. ती धुवायची, पुन्हा धुवायची. फ्रीजरमधल्या नळ्या एकेक करून कमी होत चालल्या.

मी एकदा तिला म्हटलंसुद्धा. आता लिहितानाही संकोच वाटतो. "अगो, ती बिनसशाची पट्टी समितीला दाखवूच नकोस ना. कोण विचारतंय?"

ती टेबल पुसत होती. पुसायची थांबली. "मग काय सांगू ताई? की सगळीकडे वाचणारेच वाचणारे आहेत, आणि फुलीचा पत्ता नाही?"

मला त्यातलं अर्धंच कळलं, पण रागावली आहे हे पूर्ण कळलं.

दिवाळी झाली. समिती गुरुवारी येणार होती. सोमवारी फ्रीजरमध्ये एक नळी उरली होती, आणि ती तिला हात लावत नव्हती. दुपारी ती टाक्यांकडे गेली होती. मी पडद्याआड मायक्रोस्कोप पुसायला गेले. निळा दिवा चालूच राहिला होता. बंद करण्यासाठी मी हात पुढे केला, तो भिंगाखालच्या निळ्या झोतात गेला, आणि माझी नखं पेटली.

अतिशयोक्ती करायची मला सवय आहे, पण ही नाही. तीन नखं, कडेने, हिरवट पिवळी, काजव्यासारखी. मी हात मागे घेतला, विझली. पुढे केला, पेटली. मला पहिल्यांदा वाटलं, माझ्यात काहीतरी दैवी आहे. सांगायला हरकत नाही, पाचेक मिनिटं मी तशीच, आनंदात, बोटं नाचवत होते. मग आठवलं की सकाळी मी बांगड्यांना हळद-मीठ लावून आले होते.

हळद.

मी फडताळाकडे गेले. बरणी लख्ख. पण हळद पाण्याला दाद देत नाही हे साड्या धुणाऱ्या बाईला कोणी सांगायला नको. त्यात थोडं मिथेनॉल ओतून हलवलं. खाचांतून पिवळसर रेघ निघाली. मग मिथेनॉलची मोठी तपकिरी बाटली आठवली. आमच्याकडे वापरलेलं मिथेनॉल पुन्हा त्याच बाटलीत ओतून ठेवायची पद्धत होती. जिथे करवंटीसुद्धा कोणी टाकत नाही, तिथे मिथेनॉल कोण फेकेल? तपकिरी काचेतून रंग दिसत नाही. मी थोडं पांढऱ्या वाटीत ओतलं. वरणावर पाणी येतं तसलं फिकट पिवळं. म्हणजे तीन आठवडे आम्ही प्रत्येक माशाला, सशाच्या आणि शेळीच्याही आधी, हळद लावत होतो. एका अर्थी पूजा चालूच होती.

मी एक तास कोणाला काही बोलले नाही. तो तासही लिहायला हवा. मी फाइली लावल्या, चहा केला, पुन्हा फाइली लावल्या. मनात म्हटलं, बाटली गुपचूप ओतून द्यावी, नवी आणावी, आणि पट्टी काळी झाली की आपणच सगळ्यांत मोठ्याने आश्चर्य करावं. ते मला उत्तम जमलं असतं. पण मग ती तीन आठवड्यांच्या वहीत काय लिहिणार होती? 'कारण कळले नाही'? ती तेवढं खरोखर लिहिणारी होती, म्हणून मला सांगावं लागलं.

ती टाक्यांकडून आली तेव्हा मी तिला हात धरून पडद्याआड नेलं आणि माझी बोटं निळ्या उजेडात धरली. मग सगळं सांगितलं. करंडा, बरणी, साबण, ऊन.

ती बोटांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "ताई, कुंकू कशात काढलं होतंत?"

"काकांच्या बशीत."

"देव पावला," ती म्हणाली, आणि खाली बसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले की रडता रडता ती हसली, ते मला त्या अंधारात ठरवता आलं नाही.

काका गावातल्या कॉलेजात नवं मिथेनॉल मागायला निघाले. दारातून वळून म्हणाले, "काय सांगू तकडं? देवाची हळद बाधली म्हणून?"

"काही सांगू नका!" सर ओरडले. "वास्तविक पाहता... नुसतं संपलं म्हणा."

नव्या बरण्या, नवी बाटली, शेवटची नळी. बुधवारी दुपारी ती पडद्याआड गेली. मी बाहेर उभी. माझा श्वास सरांना ऐकू जात होता, असं ते नंतर म्हणाले. सशाच्या पट्टीवर मंद ठिपके आहेत, असं आतून कळलं. त्याचा आता मला भरवसा नव्हता. पुढची पट्टी.

"ताई," ती म्हणाली, "काळी आहे."

इतकी सुंदर बातमी मी काळ्या रंगाबद्दल कधी ऐकली नव्हती.

पण हिशेब तसाच होता. तीनदा हवं होतं, झालं दोनदा. एक खंडेनवमीच्या आधीचं, एक बुधवारचं. मधले सगळे हळदीचे. ससा संपला होता.

गुरुवारी समितीतले तिघं आले. त्यात एक वयस्कर बाई होत्या, केसांचा घट्ट अंबाडा, चष्मा नाकाच्या टोकावर. तिने सगळं मांडलं. दोन चांगल्या पट्ट्या, आणि मग मधल्या सगळ्या, एकही न वगळता. सर रुमालाने कपाळ पुसत होते.

"या सगळ्या हिरव्या का?" त्या बाईंनी विचारलं.

"हळद आहे, मॅडम."

बाईंनी चष्मा वर सरकवला.

"कोणाची?"

मी हात वर केला. नुसता वर केला नाही. त्या दिवशी सकाळी मी मुद्दाम दहाही नखांना हळद घासून आले होते. नाटकाला जाताना कोणी रंग न लावता जातं का? बाईंनी मला पडद्याआड नेलं, निळा दिवा लावायला सांगितला, आणि मी दोन्ही हात झोतात धरले. त्यांनी वाकून पाहिलं. मग स्वतःचा अंगठा खाली धरून बघितला. तोही किंचित चमकला. "आज सकाळी फोडणी मीच दिली," त्या म्हणाल्या. समितीतले बाकीचे दोघंही मग ओळीने आत येऊन आपापली बोटं बघून गेले. कोणाची चमकली नाहीत. दोघेही जरा हिरमुसले.

शेवटी त्यांनी दार लावून घेतलं. उघडलं तेव्हा सहा महिन्यांची मुदत लिहून दिली होती. तिसरी वेळ पुरी करायची, आणि हळदीचा भागही प्रबंधात ठेवायचा, कारणासकट.

ती कोपऱ्यावरच्या एसटीडीवर गेली, मी सोबत. दारातून मला तिचंच बोलणं ऐकू येत होतं. "बाबा, सहा महिने मिळाले... हां, आईला सांगा, स्थळवाल्यांना, थांबू नका, असं कळवून टाक म्हणावं... नको, बोई आता नको. मुंबईचा ससा यायचाय आधी."

पुढच्या खंडेनवमीला ती केंद्रावरच होती. तिसरी वेळ केव्हाच पुरी झाली होती, एकसारखी. मी करंडा विसरले नव्हते. तरी सवयीने फडताळ उघडलं, आणि माझा हात मध्येच थांबला. प्रत्येक बरणीच्या झाकणावर तिने चुन्याची पांढरी फुली मारून ठेवली होती. मी फुली वाचली आणि हात मागे घेतला.

तेव्हा मात्र मला ते सगळं समजलं, निदान समजल्यासारखं वाटलं. फुली म्हणजे झाकणावरची ती, गडी म्हणजे मी. पण मग मला धरणारा ससा कोण, आणि शेळी कुठून आली, यावर मी अजून विचार करते आहे.